सतरा नंबरची खुंटी

ग्रेंजर फॉल्सच्या रिंकमध्ये प्रेक्षकांच्या बाकांखाली एक बिनखिडकीची खोली आहे. तिथे धार लावायचं चाक आहे, एक जुनं शिलाई मशीन आहे, ओले हातमोजे वाळवायला पंखा आहे आणि वायनो रांटा आहे. शेहेचाळीस वर्षं तो तिथे आहे. या काळात सॉयर्स संघाकडून जो जो आईस हॉकी खेळला, त्याच्या स्केट्सच्या पात्यांना वायनोनं धार लावली, त्याच्या स्वेटरवर नंबर शिवला आणि त्याला निदान एकदा तरी गाढव म्हटलं.

वायनो वैतागलेला नाही असा दिवस मी पाहिलेला नाही. पोरं ओले मोजे स्केट्समध्ये कोंबून जातात म्हणून तो वैतागायचा. एखाद्याचे मोजे कोरडे सापडले, की हा आज जीव लावून खेळलाच नाही म्हणून वैतागायचा. संघ हरला की चिडायचा, आणि जिंकला की आता उद्यापासून यांच्या अंगात वारं शिरणार म्हणून कुरकुरायचा. मी शाळेतला माणूस म्हणून मला एकट्याला तो अहोजाहो करतो. बाकी गावाला, पाद्र्यालासुद्धा, अरेतुरे.

मी या गावात १९८५ साली भूगोल शिकवायला आलो. वायनोची मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्या प्रगतिपुस्तकावर सही करायला तो शाळेत आला नाही, मलाच रिंकवर बोलावलं, आणि चाक थांबवून म्हणाला, "मास्तर, तुमची लेखणी द्या, माझ्या हाताला तेल आहे." लेखणी अजून त्याच्याकडेच आहे. दर शनिवारी संध्याकाळी तो घरामागच्या लाकडी खोलीत सौना पेटवतो. अर्धं गाव त्या वाफेत बसून गेलंय. इतक्या वर्षांत ल्युसियन ब्रिसबुआला मात्र त्यानं कधी बोलावलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि ते दोघं रोज एकाच छपराखाली काम करत होते. मला वाटायचं, एक फिनलंडकडचा, एक फ्रेंच, जमत नसेल. तसं काही नव्हतं.

संघाचं हे पन्नासावं वर्ष. सोहळ्याची समिती झाली आणि निवृत्त मास्तर म्हणून चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं. संघाचा नवा व्यवस्थापक गॅरेट पोल्क एकतीस वर्षांचा, दक्षिणेकडून आलेला. मनानं चांगला मुलगा, पण चालता चालता बोलणारा आणि बोलताना फोनकडे बघणारा. त्यानं ठरवलं, की दारात एक मोठा फलक लावायचा, 'आमचे नामवंत माजी खेळाडू'. अट एकच: जो आमच्याकडून खेळला आणि पुढे मोठ्या लीगमध्ये एक तरी सामना खेळला, तो नामवंत.

त्या अटीत नऊ जण बसले. त्यातला एक गोलरक्षक आमच्याकडे एका संध्याकाळपुरता आला होता. त्याचं सामान भलत्याच गावी गेलं, आणि उसने पॅड बांधून तो बाकावर बसून राहिला. दुसऱ्यानं अर्धा सीझन काढला आणि जाताना घरमालकिणीचा टोस्टर घेऊन गेला. ती बाई अजून विचारते. सगळ्यात वर नाव होतं क्लेटन टिल्सनचं. मोठ्या लीगमध्ये सहाशे बारा सामने.

मी यादी वायनोला दाखवली. त्यानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, वाचली आणि परत दिली.

"मास्तर, यात आमच्याकडे खेळलेलं कोण आहे?"

"सगळेच की."

"हे इथून गेलेत. खेळलेत कुठे? टिल्सन अकरा सामने होता. अकरा. माझं दाढीचं पातं त्याहून जास्त टिकतं."

यादीवर तो एवढाच बोलला. पण आठवडाभरानं गॅरेटनं जाहीर केलं, की शनिवारी, सोहळ्याच्या सामन्याआधी, सतरा नंबर छताला चढवायचा. म्हणजे त्या नंबरचं निशाण कायम वर राहणार आणि पुढे कुणीही तो नंबर घालणार नाही. निशाणावर नाव असणार टिल्सन. त्या दिवशी मी खोलीत गेलो, तर चाक बंद होतं. चाक बंद ठेवून वायनो बसलेला मी तोवर पाहिला नव्हता.

याचं कारण सांगायला एका फोटोपाशी जावं लागेल. तो गावातल्या निम्म्या घरांत आहे, न्हाव्याकडे आहे, माझ्या शाळेच्या जिन्यातही होता. मार्च १९८०. नदीपलीकडच्या केनिस्टनशी निर्णायक सामना, जादा वेळ, आणि आमचा गोल. फोटोत गोल करणारा पाठमोरा आहे, दोन्ही हात वर, पाठीवर सतरा. खाली छापलंय: क्लेटन टिल्सन. आता टिल्सन फेब्रुवारीतच गाव सोडून वरच्या संघात गेला होता, हे गावाला चांगलं ठाऊक आहे. त्यावर गावाचं उत्तर तयार आहे. तो त्या एका सामन्यासाठी परत आला. रात्रभर प्रवास करून, हिमवादळातून, गावाच्या प्रेमापोटी.

"ल्युसियननं केला तो गोल," वायनो म्हणाला. "मी खेळाडूंच्या बाकापाशी कठड्याचं दार धरून उभा होतो. माझ्या नाकासमोरून गेला."

ल्युसियन ब्रिसबुआ अकरा सीझन सॉयर्समध्ये होता. दिवसा कागदाच्या गिरणीत, संध्याकाळी रिंकवर. गिरणीतून निवृत्त झाल्यावर तो रिंकवर गरम पाण्याचा थर घालून बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवायला लागला आणि अजून चालवतो. बोलणं कमी, तंबाखू जास्त. अकरा सीझन सतरा नंबर त्याचा होता. मधले फक्त अकरा सामने सोडून.

"ते अकरा सामने माझ्यामुळे," वायनो म्हणाला. आणि मग छत्तीस वर्षं पोटात ठेवलेलं त्यानं मला सांगितलं, तेही माझ्यावरच चिडून, जणू ते मीच केलं होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. खेळाडू जखमी झाला, की त्याचा स्वेटर त्याच्या खुंटीवर राहतो. तो परत येईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. धूतसुद्धा नाहीत. संघात नवीन आलेला अठरा वर्षांचा पोरगाही हे पहिल्या दिवशी शिकतो. खुंटीवर स्वेटर असेपर्यंत तुझी जागा तुझी आहे, असा त्याचा अर्थ. १९८० च्या जानेवारीत ल्युसियनचा जबडा मोडला. दोन दिवसांनी दुपारी चारला टिल्सन नावाचं वीस वर्षांचं उंच पोर बसमधून उतरलं आणि सातला सामना होता. जादाचे स्वेटर तीन. एक लहान मुलांच्या मापाचा. एक गोलरक्षकाचा, तंबूएवढा. तिसरा वायनोनंच आदल्या आठवड्यात हीटरवर वाळत घातला होता आणि तो जळाला होता.

"सतरा समोर लटकत होता," वायनो म्हणाला. "काढला. 'घाल' म्हटलं. मिनिटभराचं काम."

"ल्युसियनला विचारलं नाहीस?"

"तो इस्पितळात होता. जबडा तारेनं आवळलेला. विचारून उत्तर कुठून येणार होतं?"

"आणि नंतर?"

वायनोनं चाक सुरू केलं. चाकाच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही.

पुढचं मी जुळवून घेतलं. सीझनच्या छापील पत्रकात एक सुधारित पान घातलं गेलं, त्यात सतरासमोर टिल्सनचं नाव आलं. मार्चमध्ये ल्युसियन परत आला, पण पान पुन्हा कुणी बदललं नाही. सामन्याच्या गुणपत्रकावर फक्त नंबर लिहितात. गोल झाल्यावर वार्ताहर कपडे बदलायच्या खोलीत आला, तेव्हा ल्युसियनच्या तारा नुकत्याच निघाल्या होत्या आणि तोंड धड उघडत नव्हतं. वार्ताहरानं पत्रकात बघितलं, नाव घेतलं आणि गेला. पुढे टिल्सन मोठा झाला आणि गावानं बाकीचं हिमवादळ स्वतःच घातलं. हे सगळं एका खुंटीवरून काढलेल्या स्वेटरमुळे. तो नंबर आता कायमचा दुसऱ्याच्या नावानं वर जाणार होता, आणि तो जाऊ द्यायचा नाही, एवढंच वायनोला हवं होतं.

आधी तो गॅरेटकडे गेला. मी बरोबर होतो.

"मिस्टर रांटा, गोल कुणी केला हा मुद्दाच नाही," गॅरेट फोनवर अंगठा फिरवत म्हणाला. "लोकांना जे आठवतंय, ते आठवतंय."

"लोकांना काही आठवत नाही. लोकांनी ऐकलंय."

"तेच ते."

"तेच ते? उद्या लोकांनी ऐकलं की तू कामाचा आहेस, तर तू कामाचा होशील काय?"

गॅरेट हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचा विनोद आहे. निशाण शिवायला गेलंय, टिल्सननं यायचं कबूल केलंय, वर्तमानपत्रात आलंय, असं सगळं त्यानं सांगितलं आणि आम्हाला दारापर्यंत पोचवून दुसऱ्याच कुणाशी बोलत निघून गेला.

मग वायनो डोनटच्या दुकानात गेला. सकाळी तिथे गिरणीचे निवृत्त लोक बसतात. हर्ब ओल्सन त्यांचा पुढारी. वायनोनं विषय काढताच हर्बनं कप खाली ठेवला.

"वायनो, क्लेटनला स्टेशनवरून मी आणलाय. माझ्या ट्रकमधून. वायपर बंद पडला होता, हात बाहेर काढून काच पुसत होतो."

"तू नाही, माझ्या मेव्हण्यानं आणलं," शेजारचा म्हणाला.

"माझ्या वडिलांनी," काउंटरमागचा मुलगा म्हणाला. त्याचा जन्म त्यानंतर दहा वर्षांनी झाला.

मी मोजले. त्या वादळात क्लेटन टिल्सनला स्टेशनवरून आणणारे आमच्या गावात सात जण आहेत.

"सात गाड्या," वायनो म्हणाला. "तुकड्यातुकड्यानं आला काय रे तो?"

"तू का एवढा जळतोयस?" हर्बनं विचारलं. "गावातला एक पोरगा मोठा झाला, त्याचं सुख बघवत नाही तुला."

"तो गावातला नव्हता. तो अकरा सामन्यांचा पाहुणा होता. गावातला तुमच्या समोर रोज बर्फ घालतोय."

"ल्युसियन? ल्युसियन तर कधी काही म्हणाला नाही."

वायनोचा सगळा राग त्या एका वाक्यापाशी येऊन अडकला. कारण ते खरं होतं.

दुपारी त्यानं ल्युसियनला गाठलं. ल्युसियन गाडीवर बसून टाकीत गरम पाणी भरत होता. मी कठड्यापाशी उभा राहिलो. ऐकायला नको असंही वाटत होतं आणि हलवतही नव्हतं.

"शनिवारी तुझा नंबर त्या पोराच्या नावानं वर जाणार," वायनो म्हणाला.

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? अकरा वर्षं अंगावर होता तुझ्या."

"वास कधी गेला नाही त्याचा. वर हवेशीर राहील."

"तू कधी सांगितलं का नाहीस कुणाला?"

"कुणी विचारलं नाही."

"छत्तीस वर्षांत?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं." ल्युसियननं नळ बंद केला. "स्वतःच सांगत फिरायचं म्हणजे घरोघर जाऊन आपलाच फोटो विकण्यातला प्रकार. बाजूला हो, पाणी सोडतोय."

वायनो बाजूला झाला. त्याला आणखी काही बोलायचं होतं हे मला त्याच्या पाठीवरून दिसत होतं. वर्गात उत्तर येत असून हात वर न करणाऱ्या मुलांची पाठ अशी दिसते.

गुरुवारी निशाण आलं. हिरवं जाड कापड, वर मोठा पांढरा सतरा, खाली सहा इंग्रजी अक्षरांत टिल्सन. पण शिवणाऱ्यांनी वरच्या कडेला दांडा घालायची पोकळ शिवण ठेवलीच नव्हती. गॅरेट ते काखेत मारून धावत बाकांखालच्या खोलीत आला.

"मिस्टर रांटा, एवढं करून द्या."

वायनोनं कड बोटांनी चाचपली. "कशावर लटकवणार होतास? विश्वासावर?"

"शनिवारी साडेतीनला वर जायचंय."

"शनिवारी माझा सौनाचा दिवस असतो. ते कुणी विचारलं नाही."

गॅरेट गेल्यावर वायनोनं निशाण टेबलावर पसरलं आणि नावाकडे बघत बसला. मला त्याच्या मनातलं कळलं. कात्री हाताशी होती. "उसवून टाक की," मी म्हणालो. मास्तरानं असं म्हणू नये, पण म्हणालो.

"दुसऱ्याचे टाके मी कधी उसवलेले नाहीत," तो म्हणाला. "एकदा न विचारता खुंटीवरून काढलं, ते पुरे झालं." आणि त्यानं नुसती पोकळ शिवण घातली, सरळ, एका दमात, आणि निशाण घडी करून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी क्लेटन टिल्सन आला. आमच्या खोलीच्या दारात चांगला कोट घातलेला, पोट सुटलेला, गुडघे जपून टाकणारा माणूस उभा राहिला. हातात स्केट्सची जुनी पिशवी.

"वायनो, उद्या बर्फावर एक फेरी मारायची म्हणतात. यांना धार लावशील? तेरा वर्षं घातले नाहीत."

वायनोनं पाती बोटावर घेऊन उजेडात धरली. "यांना धार लावायची की पुरायचं?"

"तू मला एकदा गाढव म्हणाला होतास."

"कशाबद्दल?"

"ओले मोजे."

"मग बरोबर होतं."

क्लेटन बाकावर बसला. समोरच्या भिंतीवर तो फोटो होता, वायनोनं खालचं नाव चिकटपट्टीनं झाकलेला. क्लेटननं ती चिकटपट्टी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"म्हणजे तुला माहीत आहे."

"मी दार धरून उभा होतो."

"देवा. निदान एक तरी माणूस आहे." क्लेटन एकदम मोकळा झाला आणि जे बोलायला लागला ते थांबेचना. "मार्चमध्ये मी आठशे किलोमीटरवर होतो. कांजिण्या आल्या होत्या मला. विसाव्या वर्षी कांजिण्या. अंगभर पांढरं मलम लावून नर्सच्या खोलीत पडलो होतो. हे मी छत्तीस वर्षं सांगतोय. एका वार्ताहराला सांगितलं, तर त्यानं मथळा दिला, 'नम्र टिल्सन'. इथल्या एका माणसाला लिहून कळवलं, त्यानं उत्तर पाठवलं, की मीच तुला स्टेशनवरून आणलं, विसरलास काय."

"हर्ब," मी आणि वायनो एकदमच म्हणालो.

"ट्रकचा वायपर बंद होता म्हणे."

"तरी आलास कशाला?" वायनोनं विचारलं.

"बायको म्हणाली, नाही गेलास तर गर्विष्ठ दिसेल. गेलो तर खोटारडा, नाही गेलो तर गर्विष्ठ." त्यानं टेबलावरच्या घडीकडे बोट केलं. "ते तेच का? माझं नाव काढ त्यावरून. त्याचं लाव. ज्याचा गोल त्याचं. तो आहे अजून?"

वायनोनं मला ल्युसियनला आणायला पाठवलं. ल्युसियन हात पुसत आला. आणि तेव्हा मला कळलं, की हे दोघं एकमेकांना कधी भेटलेलेच नव्हते. एक इस्पितळात असताना दुसरा आला होता, आणि एक परत यायच्या आत दुसरा गेला होता. सतरा नंबरची दोन माणसं, एका खोलीत पहिल्यांदाच.

ल्युसियननं क्लेटनला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गळ्याशी ढिला करून ठेवला होतास स्वेटर."

"माझी मान जाड होती."

"अजून आहे."

क्लेटन हसला. ल्युसियन हसला नाही, पण बसला. क्लेटननं त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, तुझं नाव लावू या का. ल्युसियननं तंबाखूची पुडी खिशातून काढली, बघितली, परत ठेवली.

"माझं नाव त्यावर लावलंत," तो म्हणाला, "तर उद्या बर्फ तुम्हीच घाला."

"अरे पण का?" वायनोचा आवाज चढला. "तुझं आहे ते!"

"गाव वर बघेल आणि विचारेल, हे कुठून आलं. मग मी सांगत बसू? चौसष्टाव्या वर्षी? मला दोन वाजता टाकी भरायचीय."

तो उठून गेला. क्लेटननं वायनोकडे पाहिलं, वायनोनं माझ्याकडे. शेवटी क्लेटन म्हणाला, "माझं तरी काढ. त्याला परवानगी माझी आहे ना?"

"तुझ्या नावाला तुझी आहे," वायनो म्हणाला.

मग दुपारभर आम्ही बसलो. मी कापड ताणून धरलं आणि वायनोनं एकेक टाका उचलून कापला. अक्षरं एकेक करून सुटत गेली, ती क्लेटननं पिशवीत भरली. "नातवाला देईन," म्हणाला, "त्याच्या नावात यातली तीन आहेत." हिरव्या कापडावर नावाच्या जागी सुईच्या भोकांच्या रांगा राहिल्या. जवळून बोट फिरवलं तर लागत होत्या. खालून दिसणार नव्हत्या.

शनिवारी साडेतीनला रिंक भरलेलं होतं. दारात नऊ नामवंतांचा फलक झळकत होता. टोस्टरवाली बाई त्याच्यासमोर उभी राहून एका नावाकडे बोट दाखवत होती. दिवे मंद झाले, निशाण वर चढलं, उलगडलं. नुसता सतरा.

गॅरेट धावत वायनोपाशी आला. "नाव कुठंय?"

"धुण्यात गेलं."

गॅरेटला आणखी विचारायचं होतं, पण तेवढ्यात क्लेटननं माईक हातात घेतला होता. सावकाश, शब्द निवडून बोलला तो. म्हणाला, "तो गोल माझा नाही. त्या सामन्याला मी नव्हतोच, मी कांजिण्यांनी आजारी होतो. तो गोल ल्युसियन ब्रिसबुआनं केला. तो बघा, तिकडे गेटपाशी गाडीवर बसलाय."

वायनोनं कठडा दोन्ही हातांनी धरला होता. मला वाटलं, झालं, सुटलं.

आणि मग टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. माझ्या शेजारच्या बाईंनी रुमाल काढला. "बघा, केवढं मोठं मन," त्या म्हणाल्या. "बर्फ घालणाऱ्या माणसालासुद्धा मान दिला त्यानं."

"अहो, खरं सांगतोय तो," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय मी. मोठी माणसं असंच बोलतात."

दोन ओळी पुढे हर्ब ओल्सन डोळे पुसत शेजाऱ्याला सांगत होता, "कांजिण्या असतानासुद्धा आला होता तो. मला तेव्हा काही बोलला नाही. माझ्याच ट्रकमध्ये बसून."

क्लेटननं माईककडे पाहिलं, तो बंद केला, आणि ज्यांच्यासमोर हात टेकावेत अशा लोकांसमोर माणूस टेकतो तसे दोन्ही हात कठड्यावर टेकले. टाळ्या आणखी वाढल्या. तेव्हा गेटपाशी ल्युसियननं गाडीचा भोंगा दाबला आणि दाबून धरला, कारण उशीर होत होता आणि बर्फ घालायचं राहिलं होतं. सगळे हसले. तो बाहेर आला आणि निशाणाखालून, एकदाही वर न बघता, गाडी फिरवत राहिला.

पहिला डाव सुरू झाल्यावर मी खाली गेलो. वायनो बाकावर बसला होता, हात मांडीवर. मागोमाग ल्युसियन आला. डाव संपेपर्यंत त्याला वीस मिनिटं मोकळी असतात आणि ती तो नेहमी गाडीपाशीच घालवतो. या खोलीत तो कामाशिवाय आलेला मी पाहिला नव्हता.

"गाढव आहेत सगळे," वायनो म्हणाला.

"हो," ल्युसियन म्हणाला आणि बसला.

मी निघायला लागलो, पण वायनोनंच "बसा मास्तर" म्हटलं. मग माझ्याकडेच बघत, ल्युसियनकडे नाही, तो म्हणाला, "तुझा स्वेटर खुंटीवरून मी काढला होता. त्या पोरानं मागितला नव्हता. मी काढून दिला."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"मी आलो होतो इथे. इस्पितळातून सुटलो त्याच दिवशी. बूट राहिले होते. खुंटी रिकामी."

"मग बोलला का नाहीस?"

ल्युसियननं जबड्यावर बोट ठेवलं. "तारा."

"अरे, तारा सहा आठवड्यांत निघाल्या!"

"निघाल्यावर आलो, तेव्हा स्वेटर परत खुंटीवर होता. कोपर फाटलं होतं, तिथे ठिगळ. हातानं शिवलेलं. तुझा बाप मासेमारीच्या जाळ्याला मारायचा, ती गाठ." ल्युसियननं स्वतःचं डावं कोपर उगाच चोळलं. "तू पोरांचं सगळं मशीनवर मारतोस. ती गाठ मी दुसऱ्या कुणाच्या स्वेटरवर पाहिली नाही. मला वाटलं, झालं बोलून."

वरून लोकांच्या पायांचा धडधडाट येत होता. कुणीतरी गोल केला असावा, आमचा किंवा त्यांचा.

"छत्तीस वर्षं," वायनो म्हणाला. "मी तुला सौनाला बोलावलं नाही. कोणत्या तोंडानं बोलावणार होतो?"

"मला वाटलं, फ्रेंच माणूस नको असेल तुझ्या सौनात."

घंटा झाली. ल्युसियन उठला, टोपी नीट केली आणि गाडीकडे गेला. दारातून वळून त्यानं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पण तो तसा माणूस नाही.

वायनोनं चष्मा कपाळावर चढवला. "बघितलंत मास्तर? गाढव आहे."

"कोण?"

त्यानं जरा विचार केला. "दोघंही." मग घड्याळाकडे पाहून नेहमीच्या आवाजात कुरकुरला, की या सोहळ्यामुळे सौना पेटवायला उशीर होणार, लाकडं ओली आहेत आणि वाफेत अंगावर मारायच्या डहाळ्यांच्या झाडण्या कुणी भिजत घातल्या नसतील. "तुम्ही सातला या. आणि जाताना त्यालाही सांगा."

"तूच सांग की."

"मी सांगणार नाही," वायनो म्हणाला आणि चाक सुरू केलं.